फोटो लीक झाल्यावर कलेतून उत्तर द्यायचं, ते कसं?

गल्लीच्या ग्रुपवर कुणाचा तरी फोटो फिरतो. कॉलेजच्या यादीतले फोन नंबर पीडीएफसकट बाहेर येतात. लोन ॲपवाले अख्ख्या काँटॅक्ट लिस्टला बदनामीचे मेसेज टाकतात. अशा वेळी भरतकाम, पोस्टर, देखावा यांतून बोलायचं ठरवलं तर एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: जे फुटलं ते पुन्हा दाखवायचं नाही. ते कसं फुटलं, कुणाकुणाच्या हातून पुढे गेलं, कुठे थांबू शकलं असतं, ते दाखवायचं. फोटो अर्धवट झाकून पोस्टरवर लावणं म्हणजे फॉरवर्ड करणाऱ्यांच्या रांगेत आणखी एकाची भर. बेळगाव, खानापूर, निपाणीसारख्या ठिकाणी तर आडनाव, गल्ली आणि कॉलेजचं वर्ष एवढ्यावरून माणूस ओळखला जातो, चेहरा लागतच नाही.

आधी पुरावा, मग कात्री

कलाकृतीसाठी स्क्रीनशॉट कापायला घेण्याआधी मूळ पुरावा जसाच्या तसा बाजूला ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि पोस्टची लिंक दिसली पाहिजे. नुसता फोटो कापून ठेवला तर तो कुठून आला हे सांगता येत नाही. त्याहून चांगलं म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग: प्रोफाइल उघडण्यापासून पोस्टपर्यंत एकसलग, मध्ये न थांबता. प्रोफाइलचं नाव रात्रीत बदललं जातं, म्हणून लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि तिची मूळ माहिती गळून पडते. एका फोनवरून दुसऱ्यावर पुरावा न्यायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबल लावून कॉपी करा. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून गणित करून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) मागितलेली आहे. फाइल एकदा उघडून पुन्हा सेव्ह केली तरी हॅश बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात न लावता कलेसाठी वेगळी प्रत काढा.

तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. पैशांची फसवणूकही झाली असेल तर 1930 वर लगेच फोन करा. प्रत्यक्ष जायचं असेल तर कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणी आहेत, बेळगावातही आहे. तिथे कामकाज कन्नडमध्ये चालतं. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत लिहून न्या, मराठी प्रत सोबत असू द्या. भाषांतराच्या नादात तारखा आणि वेळा चुकतात, त्या दोन्ही प्रतींत ताडून पाहा.

फोटो खासगी, नग्न किंवा मॉर्फ केलेला असेल तर आयटी कायद्याची कलमं 66ई, 67 आणि 67ए महत्त्वाची. 2021 च्या आयटी नियमांनी अशा फोटोची तक्रार आल्यावर तो काढून टाकण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं, म्हणून ॲपमधली तक्रार आणि पोलिसातली तक्रार दोन्ही करा. स्टॉपएनसीआयआय ही सेवा फोटो अपलोड न करता तुमच्या फोनवरच त्याचा हॅश बनवते आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी साइट्सना देते. बंद व्हॉट्सॲप ग्रुपात फिरणाऱ्या प्रतींवर तिचा उपयोग होत नाही. फोटोतली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर त्याच धर्तीची 'टेक इट डाउन' ही सेवा वापरायची. अशा फोटोची 'पुराव्यासाठी' म्हणून प्रत काढून ठेवू नका. ती बाळगणंही पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आणि आयटी कायद्याच्या कलम 67बी खाली अंगाशी येऊ शकतं. लिंक आणि वेळ लिहून घ्या, आणि सरळ पोलीस.

परवानगी तीनदा घ्या

जिचा किंवा ज्याचा फोटो फुटला, त्या माणसाची लेखी संमती लागते, आणि ती एकदा घेऊन भागत नाही. कच्च्या आराखड्यावर एकदा, काम पूर्ण झाल्यावर एकदा, आणि लोकांसमोर मांडायच्या आदल्या दिवशी पुन्हा. कागदावर चार गोष्टी असाव्यात: काय दाखवणार, कुठे, कधीपर्यंत, आणि 'नको' म्हटल्यावर किती तासांत उतरवणार. शेवटची ओळ सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. तो 'आम्ही तिच्या बाजूने होतो' म्हटल्याने टळत नाही.

ज्याने फोटो फोडला त्याचं नावही कलाकृतीत घालू नका, कितीही खात्री असली तरी. बदनामीचा दावा उलटा तुमच्यावर येतो आणि मूळ तक्रार मागे पडते. नाव पोलिसांच्या अर्जात लिहायचं.

कलेनंच खासगीपण मोडल्याची उदाहरणं आहेत. 2011 साली पाओलो चिरिओ आणि अलेस्सांद्रो लुदोविको या कलाकारांनी फेसबुकवरून 10 लाख प्रोफाइल उचलून त्यातली अडीच लाख एका बनावट डेटिंग साइटवर लावली. फेसबुकवर बोट ठेवायला केलेलं काम, पण ज्यांचे चेहरे लावले त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे मंडळाच्या पोरांनी उत्साहात असं काही केलं तर ती कला आहे हे गल्लीला पटवेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

काळी पट्टी नीट कशी मारायची

चॅटचा स्क्रीनशॉट घेऊन त्यातली नावं काळी करणं हा सगळ्यात सोपा वाटणारा प्रकार, आणि सगळ्यात जास्त चुका यातच होतात. फोनच्या मार्कअपमधलं (फोटोवर खुणा करायच्या सोयीतलं) हायलायटर किंवा मार्कर ब्रश पूर्ण अपारदर्शक नसतो. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची अक्षरं वर येतात. पीडीएफवर काळी चौकट टाकली तर खालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी करता येतो. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये असतो. अक्षरांवर मारलेला ब्लर किंवा मोझॅक तर भरवशाचा नाहीच, कारण अक्षरं ठराविक असतात आणि कुठल्या अक्षराचा कसा धूसर ठसा पडतो हे ताडून बघता येतं. 2023 मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअपमध्ये आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही दोष सापडला: क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग परत मिळवता येत होता. तो दोष नंतर दुरुस्त झाला, पण त्याआधी क्रॉप केलेल्या फाइल अजून फिरताहेत.

म्हणून कागदावर काम करा. स्क्रीनशॉट ए4 कागदावर छापा, जमल्यास घरच्या किंवा ओळखीच्या प्रिंटरवर. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली की ती तिथल्या कॉम्प्युटरवर राहते, म्हणजे एक लीक थांबवताना दुसरी सुरू. दुकानातच छापायचं असेल तर नावं आधीच पूर्ण अपारदर्शक रंगाने भरून, त्या चित्राचा पुन्हा स्क्रीनशॉट काढा आणि तोच न्या.

छापल्यावर काळ्या मार्करने रंगवू नका. लेझर प्रिंटचा टोनर मार्करखालून चमकतो, कागद तिरका धरला की नाव वाचता येतं. कापून टाका. कटर, स्टीलची पट्टी, खाली जुना पुठ्ठा. पट्टी राहणाऱ्या मजकुराच्या बाजूला ठेवायची, म्हणजे पातं घसरलं तरी टाकाऊ भागात जातं. नावाच्या लांबीएवढंच भोक पाडलं तर तीन अक्षरी नाव की सहा अक्षरी हे कळतं. त्यामुळे सगळी भोकं एकाच मापाची ठेवा, 4 सेंटिमीटर बाय 8 मिलिमीटर पुरतात. प्रोफाइल फोटोचं वर्तुळ आणि वेळही काढा, कारण वेळेवरून ग्रुपमधल्या कुणालाही मेसेज शोधता येतो. राहिलेला चाळणीसारखा कागद जाड पांढऱ्या कार्डवर 1 सेंटिमीटर वर उचलून बसवा (मागे थर्माकोलचे तुकडे चिकटवून), बाजूने एकच दिवा लावा. भोकांच्या सावल्या कार्डावर पडतात आणि राहिलेल्या शब्दांपेक्षा त्याच आधी दिसतात.

हे कापायचं काम ज्याच्यावर बेतलं त्याला देऊ नका. ते शब्द पुन्हापुन्हा वाचायला लागतात.

कशिद्यातला फॉरवर्डचा नकाशा

आमच्या मते या भागाला सगळ्यात शोभणारं काम हेच. धारवाड-बेळगाव पट्ट्यातला कशिदा, कन्नडमध्ये कसूती, धागे मोजून भरतात. गवंती टाक्यात सुई जाताना एक घर सोडून एक टाका घालते आणि परत येताना रिकामी घरं भरते. पुढून-मागून सारखंच दिसतं, गाठ मारत नाहीत. हा टाका फांद्या फुटणाऱ्या नक्षीसाठी जणू बनलेला आहे, आणि फॉरवर्ड म्हणजे फांद्याच.

हिशोब असा. व्हॉट्सॲप एका दमात जास्तीत जास्त 5 चॅटना मेसेज पुढे पाठवू देतं. एकाने 5 जणांना, त्या प्रत्येकाने 5 जणांना, आणि पुन्हा एकदा तसंच: 1, 5, 25, 125. एकूण 156 चौकोन.

कापड: 14 काउंटचं मॅटी, म्हणजे इंचाला 14 घरं. 36 इंच रुंद, 20 इंच उंच. धागा सहापदरी, त्यातले 2 पदर वापरायचे. एका वेळी 18 इंचांपेक्षा लांब धागा घेतला तर मॅटीच्या भोकांतून जाऊन-येऊन तो पिंजारतो. सुई बोथट टोकाची, टोकदार सुई शेजारचा धागा फोडते.

प्रत्येक माणूस म्हणजे 2 घरं बाय 2 घरांचा पोकळ चौकोन. शेवटच्या ओळीत दोन चौकोनांमध्ये 1 घर मोकळं सोडायचं. म्हणजे एका माणसाला 3 घरं, 125 माणसांना 374 (शेवटच्यापुढे मोकळं घर लागत नाही). इंचांत सुमारे पावणेसत्तावीस. दोन्ही बाजूंना साडेचार इंचांहून जास्त कापड उरतं, ते चौकटीत ताणायला हवंच.

कापड मधोमध दुमडून खूण करा. वरचा एकटा चौकोन त्या खुणेवर. दुसऱ्या ओळीतले 5 चौकोन एकमेकांपासून 75 घरांवर (मध्यापासून मध्यापर्यंत मोजून), तिसऱ्या ओळीतले 15 घरांवर, चौथ्यातले 3 घरांवर. असं घेतलं की प्रत्येक चौकोनाच्या बरोबर खाली त्याच्या पाचांतला मधला येतो आणि कुठेही अर्ध्या घराचा घोळ होत नाही. ओळींमधलं उभं अंतर वरून खाली 60, 40 आणि 20 घरं ठेवा. जोडणाऱ्या रेषा सरळ उतरवून, आडव्या नेऊन, पुन्हा उतरवायच्या. तिरक्या नेल्या तर शेवटच्या ओळीवर जाळं होतं.

आता सुई. खोडावरून फांदीत शिरा, टोकापर्यंत जा, त्याच वाटेने परत या, मग पुढच्या फांदीत. जाऊन-येऊन टाके नेहमी सम होतात, त्यामुळे खोडावर परतल्यावर वरचा टाका, खालचा टाका हा क्रम बिघडत नाही आणि धागा तोडावा लागत नाही. फसगत होते ती चौकोनात. त्याची 8 टाक्यांची कडा एकाच दिशेने दोनदा फिरलात तर पहिल्या फेरीतले टाकेच पुन्हा वर येतात आणि मधली घरं रिकामीच राहतात, कारण 8 ही सम संख्या. एक फेरी झाली की उलट फिरायचं. धागा सुरू करताना 2 इंच शेपटी सोडून नंतर ती मागच्या टाक्यांत ओवा. गाठ मारली तर मागची बाजू दाखवता येणार नाही, आणि हे काम दोन्ही बाजूंनी दिसेल असंच टांगायचं.

यातला खरा भाग न शिवलेला आहे. दुसऱ्या ओळीतला एक चौकोन भरा, पण त्याच्या खालची फांदी शिवू नका. हा तो माणूस, ज्याने मेसेज पाहिला आणि पुढे पाठवला नाही. त्याच्या खालचे 5 आणि त्यांच्या खालचे 25, असे 30 चौकोन गळतात आणि कापडावर सव्वापाच इंचांहून रुंद मोकळी जागा राहते. बघणारा आधी तिथेच बोट ठेवतो. खाली वेगळा मजकूर लिहायचा मोह आवरा.

मॅटीऐवजी शहापूर-वडगावच्या हातमागाचं कापड वापरायचं तर आधी उभे-आडवे धागे इंचभर मोजा. दोन्ही सारखे नसतील तर चौकोनाचे आयत होतात. चेहरा पिक्सेलसारखा घराघरांत भरायची कल्पना कुणीतरी मांडतंच. तिला नाही म्हणा. अगदी ढोबळ चौकोनांतला ओळखीचा चेहराही लांब उभं राहिलं, डोळे किलकिले केले की ओळखू येतो. खरा फोटो एआय ॲपला देऊन 'चित्र' करून घेणंही तसंच, फोटो आणखी एका कंपनीकडे गेला.

गणपतीतला देखावा

मंडळाचा देखावा म्हटलं की एलईडी स्क्रीन आणि मोठ्या आवाजातलं निवेदन. या विषयाला त्याची गरज नाही, आणि कॅमेरा तर नकोच. प्रेक्षकांचे चेहरे टिपून स्क्रीनवर दाखवणारा 'जागृती'चा देखावा म्हणजे विषयावरच पाणी. आरसा वापरा.

2 बाय 3 फुटांची 5 मिलिमीटरची काच, तिला गाडीच्या किंवा खिडकीच्या काचेला लावतात ती चांदीसारखी रिफ्लेक्टिव्ह फिल्म. मागे प्लायवूडचा फूटभर खोल खोका, आतून काळा. खोक्याच्या मागच्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, उदाहरणार्थ 'पुढे पाठवू?' आत 12 व्होल्टची एलईडी पट्टी आणि टायमर रिले: 6 सेकंद बंद, 3 सेकंद चालू. बंद असताना माणसाला स्वतःचा चेहरा दिसतो, चालू झाल्यावर चेहऱ्यावर ती ओळ उमटते. हे चालतं ते उजेडाच्या फरकावर: ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दिसते. मांडवात हॅलोजन असतील तर आतली पट्टी कधीच जिंकत नाही आणि फक्त आरसा राहतो. म्हणून काचेपुढे तीन फूट खोल काळ्या कापडाचा आडोसा करा, वरून बंद. त्यात एका वेळी एकच माणूस जाईल, म्हणजे रांग लागेल. स्वयंसेवक दोन ठेवा. फिल्म लावताना साबणाच्या पाण्याने काच ओली करून मधून कडेकडे पट्टीने पाणी काढा, नाहीतर बुडबुडे राहतात आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं.

भाषा, रंग आणि तारीख

फक्त मराठी फलक लावला तर चर्चा फोटोवरून सीमाप्रश्नावर जायला वेळ लागत नाही, आणि जिच्यासाठी केलं ती बाजूला राहते. मराठी आणि कन्नड दोन्ही, सारख्या आकाराच्या अक्षरांत. कन्नड ओळ कन्नड बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, ॲपमधून नको. लाल-पिवळा शेजारी आला की तो कन्नड झेंडा, भगवा आला की आपला, तेव्हा निळ्या, पांढऱ्या, राखाडीत काम करा. काळ्या पट्ट्यांचं पोस्टर 1 नोव्हेंबरच्या आसपास मुळीच लावू नका. एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन, तुमची काळी पट्टी कुठल्या अर्थाने घेतली जाईल हे सांगायला नको.

माहितीफलकावर काही लिहायचंच असेल तर 24 ऑगस्ट 2017 चा निकाल लिहा: सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत अधिकार मानला. त्या खटल्यातले याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. हे वाक्य दोन्ही भाषकांना जवळचं वाटतं.

सार्वजनिक भिंतींवर, खांबांवर न विचारता चिकटवण्याला कर्नाटकात 1981 पासून कायद्याने मनाई आहे. वाचनालय, कॉलेजचा हॉल, संक्रांतीचं हळदीकुंकू, बचत गटाची बैठक या जागा जास्त कामाच्या. कशिद्याचं काम हळदीकुंकवात जितकं नीट पाहिलं जातं तितकं चौकात पाहिलं जात नाही.

ऑनलाइन टाकताना

कलाकृतीचा फोटो काढण्याआधी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. मागे खिडकी, दुकानाची पाटी, आरशात उभा असलेला माणूस नाही ना ते बघा. रुंदी 1080 पिक्सेल पुरे. त्याहून मोठी फाइल दिली तर कापलेल्या कागदाच्या कडेचे उरलेले अक्षरांचे तुकडे मोठे करून वाचले जातात. अकाउंट पीडित व्यक्तीचं किंवा तिच्या घरच्यांचं नसावं. पहिले काही दिवस प्रतिक्रिया दुसऱ्या कुणीतरी वाचाव्यात. शब्द लपवायची सोय वापरताना शिव्या देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत भरा. लोक रोमनमध्ये 'व' साठी दोन वेगळी अक्षरं वापरतात, 'श' तर तीन प्रकारे लिहितात, सगळे प्रकार घाला. 'ती कोण?' असं विचारणारी प्रतिक्रिया सभ्य दिसली तरी पहिली काढायची, कारण तिच्याखाली कुणीतरी उत्तर देतोच.

काम उतरवल्यावर कापलेल्या चिठ्ठ्या कचऱ्यात टाकू नका, पाण्यात भिजवून लगदा करा. फोनमधले कामासाठीचे स्क्रीनशॉट डिलीट केल्यावर ते 'नुकतेच डिलीट केलेले' या फोल्डरमध्ये साधारण 30 दिवस राहतात आणि क्लाउड बॅकअपमध्ये वेगळे, तिथूनही काढा. मूळ पुराव्याची पेन ड्राइव्ह मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ठेवायची, बंद पाकिटात, वर तारीख आणि सही करून.